दिवा चालू ठेवून घेतलेली तपासणी

थोरल्या जावेला तपासणीच्या टेबलापर्यंत आणायला नर्सला दोन वर्षं लागली होती. "तुझी नर्सगिरी घरात नको," हे जावेचं ठरलेलं उत्तर. आज कशीबशी आली, तर नर्सचा हात ट्यूबलाइटच्या बटणाकडे जाताच ताडकन उठून बसली.

"अंधार केलास तर मी चालले."

अंधार लागतोच. पेनाएवढी नळी गर्भाशयाच्या तोंडाशी धरायची, तिच्यातून प्रकाश सोडायचा आणि परत येणारा मोजायचा. बिघडायला लागलेली जागा तो वेगळ्या तऱ्हेने परतवते. डोळ्यांना काही दिसण्याच्या कितीतरी आधी. त्यात खोलीतला उजेड मिसळला की मशीन वाट्टेल ते सांगतं. नर्सला हे तोंडपाठ होतं. तरी तिने दिवा चालू ठेवला. आज परत गेलेली बाई पुन्हा यायची नाही, म्हणून.

मशीनच्या पडद्यावर सगळं हिरवं आलं. नंतर आत आलेल्या डॉक्टरबाईंनी डोळ्यांनी एकदा बघितलं आणि कागदावर 'ठीक' लिहून टाकलं.

"झालं समाधान?" जाऊ चपला शोधत म्हणाली. "आता तीन वर्षं माझ्या वाटेला जायचं नाही."

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. अशाच गप्प बसण्याने बायका मरतात आणि कागद मात्र ठीक राहतात.

"मॅडम, तो रिपोर्ट फाडा. मी दिवा चालू ठेवून रीडिंग घेतलं."

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. "सिस्टर, बाहेर बावीस जणी बसल्यात. मला डोळ्यांनी काही दिसलं नाही. हवं तर तीन वर्षं न थांबता पुढच्या वर्षी बघू."

"डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं, तर हे मशीन शोभेला आणलंय का?"

जाऊ आळीपाळीने दोघींकडे बघत होती. "म्हणजे मला खोटंच बरं ठरवलंस?"

"हो. चुकले. झोपा परत, जाऊबाई. हात धरते तुमचा, पण दिवा बंद करणार."

"आणि नळी काय तोंडात धरणार?" जावेने विचारलं.

"मॅडम धरतील."

डॉक्टरबाईंनी दातओठ खाल्ले, पण हातमोजे चढवले.

अंधारात जावेची नखं नर्सच्या मनगटात रुतली. पडद्यावर हिरवं, पुन्हा हिरवं, मग एका जागी लाल. डॉक्टरबाईंनी तीच जागा परत मोजली. लालच. कागदावरचं 'ठीक' त्यांनी आडवी रेघ मारून खोडलं.

"काय दिसलं? लपवू नकोस."

"एका जागी लाल आहे. कॅन्सरच आहे असं नाही. तिथला तिळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, तेव्हा खरं कळेल. चिमटा काढल्यासारखं दुखेल."

जावेने नर्सचं मनगट सोडलं.

"काढा," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. मग नर्सकडे वळून, "आणि तुझ्या भावजींना मी सांगेन. तू तिखटमीठ लावशील."