मामाचा कॅमेरा

गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता एर्मान्नो नेहमीसारखा गुडघ्यांना पट्ट्या बांधत होता. स्टुडिओतल्या बाकीच्या तीन कॅमेरावाल्यांना असल्या पट्ट्या लागत नसत. ते आपले उभ्याने काम करत. एर्मान्नोचा तीन नंबरचा कॅमेरा मात्र अर्धा वेळ जमिनीला टेकलेला असे, आणि त्याच्यामागे पन्नाशीला आलेला एर्मान्नो.

कार्यक्रमाचं नाव ‘घरची दुपार’. गुरुवारी रोममध्ये चित्रित व्हायचा आणि रविवारी दोन वाजता दाखवला जायचा, म्हणजे अख्खा इटली आजी-आजोबा, लेकीसुना आणि पोरंटोरं यांच्यासकट जेवायला बसलेला असताना. त्यात कोडी असत, पाककृती असत, एक पाद्रीबुवा येऊन चांगल्या वागणुकीविषयी चार शब्द सांगत. पाद्रीबुवा गेले की, साबणाच्या जाहिरातीच्या आधी, पिवळ्या केसांचे टोप घातलेल्या आठ मुली चाळीस सेकंद नाचत. बुवांच्या पाठोपाठ हे कसं काय, असं विचारायचं कुणाला सुचत नसे. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं.

नाच सुरू झाला की दिग्दर्शक फाब्रेत्ती हेडफोनमधून एकच शब्द सोडायचा, “तळघर.” तळघर म्हणजे कॅमेरा खाली, मुलींच्या टाचांशी, आणि भिंग वर. एर्मान्नो मुकाट्याने गुडघे टेकायचा. सात वर्षांत त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं, आणि याचा त्याला एके काळी अभिमानही वाटत असे.

मग सहा महिन्यांपूर्वी त्या आठांत त्याची सख्खी भाची आली. इलेनिया अकरा वर्षं नृत्य शिकलेली, मोठ्या उमेदीची. थोरली बहीण मिरेल्ला गावाहून तिला घेऊन आली तेव्हा म्हणाली होती, “एर्मान्नो, तू तिथे आहेस म्हणून पाठवते. नाहीतर त्या दुनियेत पोरीला मी पाऊल टाकू दिलं नसतं. पण मला सांग, ते खालून दाखवणारे कोण असतात?”

“ते वेगळे, ताई. मी निवेदकाच्या कॅमेऱ्यावर असतो.”

हे खोटं इतकं सहज तोंडातून गेलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याची टोचणी लागली तसा त्याने मनाशी एक नेम केला. इलेनियाला खालून घ्यायचं नाही. तिचा चेहरा घ्यायचा, हसू घ्यायचं, फार तर खांद्यापर्यंत. आणि तळघराचा हुकूम आला की तिच्या शेजारच्या मुलीकडे जायचं. ती शेजारची म्हणजे दोरिना, बावीस वर्षांची, समुद्रापलीकडच्या अल्बानियातली. तिलाच का, तर तिच्या घरचं इथे कुणी नव्हतं. जाब विचारायला येणारं कुणी नव्हतं. एर्मान्नोने हे स्वतःशी कधी इतक्या स्पष्ट शब्दांत म्हटलं नाही, पण हिशेब हाच होता. नेम पाळला की त्याला आपण सभ्य माणूस आहोत असं वाटायचं.

त्या गुरुवारी चित्रीकरण संपल्यावर इलेनिया टोप काढत त्याच्यापाशी आली.

“मामा, एक विचारू? तू मला कधीच खालून घेत नाहीस.”

“मग? घ्यायला हवं होतं?”

“दोरिनाला घेतोस. दर वेळी. आज तीनदा घेतलंस.”

“वरून हुकूम येतो, पोरी. कुणाला तरी घ्यावंच लागतं.”

इलेनियाने टोपातली एक पिन उपसली. तिच्यामुळे आठही मुली एर्मान्नोला मामा म्हणायला लागल्या होत्या. सकाळी आल्या की ओळीने ‘काय मामा, झाली का कॉफी’ असं विचारून जात.

“तीही तुला मामाच म्हणते,” इलेनिया म्हणाली. मग जाता जाता, काहीच नसल्यासारखं, “रविवारी मी तिला आपल्याकडे जेवायला नेतेय. आईला सांगितलंय.”

रविवारी ताईच्या घरी दोन वाजता टीव्ही लागणार. सगळे टेबलाभोवती असणार. आणि ती पोरगी त्याच टेबलावर. तिने एक शब्द जरी बोलून टाकला, तरी ताईच्या घरात पुन्हा तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. न जाण्याचा विचार त्याने दोन दिवस केला. पण तो गेला नाही आणि तिने सगळं सांगून टाकलं तर? म्हणून गेला.

मिरेल्लाचं गाव रिएती शहराच्या वरच्या डोंगरात. घरात तिचा नवरा सावेरिओ आणि ऐंशीला टेकलेले सासरे, ज्यांना सगळे आजोबाच म्हणत. दोरिना निळा स्वेटर घालून, केस मागे बांधून आली होती. मिरेल्लाने तिचे दोन्ही गाल चुंबले आणि लगेच बडबड सुरू केली.

“किती गं बारीक! रोममध्ये जेवायला घालत नाहीत का? बैस, आज मी स्वतः पीठ मळून पास्ता केलाय. आणि तू पण इलेनियाबरोबरच असतेस का? कपडेपटात का?”

“नाही काकू. मी पण नाचते.”

“हो का?” मिरेल्लाने तिला नीट निरखलं. “मग आम्ही तुला कसं नाही पाहिलं? एकही रविवार चुकवत नाही हो आम्ही.”

“टोपामुळे असेल,” दोरिना म्हणाली.

एर्मान्नोने वाइनचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. सहा महिने दर रविवारी या घराने तिला पाहिलं होतं. चेहरा सोडून बाकी सगळं पाहिलं होतं.

आजोबांना ती आवडली. “आपली भाषा इतकी साफ कुठे शिकलीस गं? आमच्या सावेरिओपेक्षा चांगली बोलतेस.”

“टीव्हीवरून, आजोबा. आमच्याकडे दुर्रेसला इटलीचे कार्यक्रम दिसायचे. लहानपणी सगळं घर समोर बसायचं. तिथल्या नाचणाऱ्या बायकांकडे बघून मी आईला म्हणायचे, मी पण तिकडे जाणार.”

“आणि आलीस. शाब्बास.” आजोबांनी स्वतःच्या हाताने तिच्या ताटलीत मटणाचा तुकडा वाढला.

दोन वाजले. सावेरिओने सवयीने टीव्ही लावला. कोडी झाली, पाद्रीबुवा झाले, संगीत सुरू झालं. इलेनियाचा हसरा चेहरा पडदाभर आला तशा टाळ्या पडल्या. मिरेल्लाने भावाच्या पाठीवर थाप मारली. “बघा, माझा भाऊ तिथे आहे म्हणून माझी पोर अशी दिसते. आमच्या चर्चमधल्या मेरीसारखी दिसते की नाही?”

आणि चित्र बदललं. चंदेरी टाचा, त्यावर पोटऱ्या, आणि भिंग हळूहळू वर सरकत गेलेलं. तो सरकण्याचा वेग एर्मान्नोच्या मनगटाचा होता. कुणाही दुसऱ्याचा नव्हता.

“आली बघा आपली मांडीवाली,” आजोबा म्हणाले. सावेरिओ हसला. ते दर रविवारी असंच म्हणत आणि तो दर रविवारी असाच हसे.

“पुरे करा,” मिरेल्लाने नाक मुरडलं. “पण खरंच, हिला आईबाप नाहीत की काय?”

“आई आहे, काकू,” दोरिना म्हणाली. “दुर्रेसला.”

कुणाला काही कळलं नाही. दोरिनाने काटा ताटलीत ठेवला आणि पडद्याकडे बोट केलं. तिचा आवाज जराही चढला नव्हता. “तो उजव्या गुडघ्यावरचा पांढरा व्रण दिसतो का, आजोबा? सात वर्षांची असताना मी बंदरावरच्या कठड्यावरून पडले होते. आई रविवारी अँटेना फिरवून हाच कार्यक्रम लावते. आठ पिवळ्या डोक्यांत मी कुठली ते तिला कळत नाही. व्रण दिसला की शेजाऱ्यांना सांगते, ही माझी.”

साबणाची जाहिरात लागली. आजोबांचा हात टेबलावर होता तिथेच राहिला. सावेरिओने रिमोट शोधायला सुरुवात केली, तो त्याच्या समोरच होता.

मिरेल्लाच्या मानेवर लाल डाग उमटले होते. “मेला कोण तो कॅमेरा धरणारा?” ती म्हणाली. “त्याला काही आगापिछा आहे की नाही? दुसऱ्याच्या लेकीला असं दाखवताना हात कसा धजतो त्याचा? एर्मान्नो, तू ओळखत असशील. सांग तरी, कोण तो?”

इलेनियाने मामाकडे पाहिलं. दोरिनाने मात्र पाहिलं नाही. ती ताटलीतला पाव कुस्करत बसली. तिला ठाऊक होतं, आणि ती सांगणार नव्हती, हे एर्मान्नोला त्या खाली घातलेल्या मानेवरून समजलं. आता गप्प बसलं की सुटका होती. सात वर्षं तो गप्प बसूनच सुटत आला होता. पण आपली लाज या पोरीने राखावी, हे त्याला सहन होईना.

“मी, ताई.”

“तू निवेदकाच्या…”

“खोटं सांगितलं होतं.”

“आणि इलेनिया? तिलाही?”

“नाही. तिला कधीच नाही. तिच्या वेळी मी दोरिनाकडे जातो.”

मिरेल्लाने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. तो सुटकेचा होता. आपली पोर वाचली म्हणून त्या माउलीला क्षणभर हायसं वाटलं, आणि ते वाटल्याचं पाहुणीने पाहिलं. मिरेल्ला उठली, टेबलाला वळसा घालून दोरिनाच्या खुर्चीमागे गेली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवले.

“माझ्या लेकीच्या वाटचं तू सोसत होतीस,” ती म्हणाली. “आणि मी इथे बसून तुला नावं ठेवत होते.”

एर्मान्नोला दोरिनाची माफी मागायची होती, पण सगळे शब्द आपल्याच सोयीचे वाटत होते. तो उठला, कोट घेतला आणि कुणी थांबवलं नाही.

पुढच्या गुरुवारी हेडफोनमध्ये तो शब्द आला. एर्मान्नो उभाच राहिला आणि त्याने दोरिनाचा चेहरा धरला. शब्द पुन्हा आला, मग शिवीसकट आला. शेवटी फाब्रेत्ती वरच्या खोलीतून स्वतः खाली आला.

“काय रे, म्हातारा झालास? वाकवत नाही?”

“वाकवतं. पण आता वाकणार नाही.”

“तू नाही तर दुसरा वाकेल,” फाब्रेत्ती म्हणाला. रागावलाही नाही. पाच मिनिटांत दोन नंबरवाला त्या कॅमेऱ्यामागे गेला आणि गुडघ्यांवर बसला.

रविवारी मिरेल्लाचा फोन आला, “जेवायला ये.” फक्त तेवढंच. इलेनिया दोरिनाबरोबर रोमलाच राहिली होती. दोघी नृत्यशाळेत शिकवायचं काम मिळतं का ते बघत होत्या. दोन वाजता आजोबांनीच टीव्ही लावला. “बघू तरी,” म्हणाले.

दोरिनाचा चेहरा कुठेच नव्हता. तो कापून टाकला होता. संगीत सुरू झालं आणि भिंग खालून वर सरकू लागलं. आजोबा पुढे वाकले. गुडघ्यावर व्रण नव्हता.

“ही आपली दोरिना नाही,” ते म्हणाले. “मग ही कोण? एर्मान्नो, नाव काय हिचं?”

एर्मान्नोने ते पाय तत्काळ ओळखले. रांगेतली उजवीकडून दुसरी. दर गुरुवारी सकाळी कॉफीची चौकशी करणारी. दोन वर्षं तो तिच्या टाचांशी बसला होता. त्याने आठवून पाहिलं, पुन्हा आठवून पाहिलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “कधी विचारलं नाही.”

आजोबांनी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत टेबलाभोवतीची सगळी माणसं दिसू लागली.

“फोन तिथे आहे,” ते म्हणाले. “इलेनियाला विचार. तोवर कुणी घास घेणार नाही.”