माझ्या गळ्यावरची दोन नावे

मित्रांनो, मी एक जुना गुंड आहे. दचकू नका. आमच्या वऱ्हाडात पाणी भरायच्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात, आणि मी आयुष्यात कोणाच्या वाटेला गेलेलो नाही.

अकोल्याच्या भांडेबाजारात जानरावांनी मला एकुलत्या एका लेकीच्या आंदणासाठी घेतले. माझ्या गळ्यावर नाव घालून घेतले, 'चि. रागिणीस, वडील जानराव यांजकडून'. लग्नात सासरच्यांनी रीतीप्रमाणे तिचे नाव बदलून मैना ठेवले. गावजेवणाला भांडी उसनी जातात, अदलाबदल होते, म्हणून सासूने खाली 'मैना' घालून घेतले. पुढे तिला रागिणी म्हणणारे एक जानरावच उरले.

कितीतरी वर्षे मी तिच्या डोक्यावर बसून पाणी वाहिले. चिंच आणि राख लावून ती मला इतकी घासायची की शेजारणी कौतुक करत. त्या कौतुकात माझी अक्षरे झिजत होती. मग घरात नळ आला आणि मी माळ्यावर गेलो.

जानराव वारले. त्यांचे रिद्धपूरजवळचे चार एकर काळे रान पुतण्या पुंजारामने बळकावले. त्याला सगळे ठाऊक होते, तरी तोंड वर करून म्हणाला, "काकाले रागिणी नावाची पोरगी होती. हे मैनाबाई कोन?"

अमरावतीच्या वकिलांनी तिला समजावले, "काकू, दावा लावाचा हक्क वारसाले असते. तुमी त्याइच्या लेक आहा, हे पहिले दाखवा लागते."

दाखवणार काय? जन्माची नोंद नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, हरेक कागदावर मैनाबाई. तिला घास गोड लागेना.

माळ्यावर माझा जीव टांगणीला लागला होता. पुरावा माझ्या गळ्यावर होता आणि तिला वाचता येत नव्हते. त्यात सून आचलने मला मोडीत द्यायला खाली काढले. पुसता पुसता ती थांबली.

"आई, हे रागिणी कोन हो?"

मैनाबाईने मला दोन्ही हातांनी जवळ ओढले. "मीच," ती म्हणाली.

अशी माझी न्यायालयात वर्णी लागली. जबानीच्या दिवशी शिपायाने पुकारा केला, "रागिणी जानराव हाजीर आहे?" मैनाबाई बाकावर तशीच बसून राहिली. दुसरा पुकारा झाला. पुंजाराम गालात हसला. तिसऱ्यालाही ती उठली नाही तर दावा खारीज होणार होता, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते. आचलने तिचा खांदा हलवला. "आई, उठा. तुमालेच बलावून राहिले."

ती चाचरत उठली. "बाबा गेल्यापासून या नावानं कोनी हाक नाही मारली जी, साहेब. ध्यानातच नाही आलं."

न्यायाधीशांनी मला हातात घेऊन दोन्ही नावे वाचली, साक्षी ऐकल्या. ही जानरावांची लेक आहे, तिला दावा लावण्याचा हक्क आहे, असे त्यांनी ठरवले. शेताचा निकाल अजून व्हायचाय. तोवर मी न्यायालयाच्या कपाटात आहे आणि धाकधूक काही जात नाही.

मित्रांनो, आज आजीला तिचे माहेरचे नाव विचारा. ते वहीत लिहून ठेवा, आणि एकदा त्या नावाने तिला हाक मारा. ओ द्यायला तिला वेळ लागला, तर थांबा.