भोंग्यावरची पारदर्शकता

माहिती अधिकाराचा कायदा आल्याच्या दुसऱ्या वर्षी घोटीजवळच्या त्या गावात पारदर्शकता आली, ती रंगनाथ गुरुजींच्या हातून. निवृत्त झाल्यावर माणूस देवाच्या नादी लागतो. गुरुजी ग्रामपंचायतीच्या मागे लागले.

आजारपणासाठी पंचायतीने कुणाकुणाला मदत दिली, हे त्यांना हवं होतं. सरपंचांचा मेहुणा दर पावसाळ्यात सोयीने आजारी पडतो, असा त्यांचा वहीम होता.

"नावं आणि रकमा देतो," ग्रामसेवक शेखर म्हणाला. "आजार नका मागू, गुरुजी. तो ज्याचा त्याचा. कायद्यातसुद्धा तशी सवलत आहे."

"आजार झाकला की मेहुणा सुटला!"

शेखर त्यांचा जुना विद्यार्थी. कायद्यापेक्षा छडी जास्त लक्षात राहते. त्याने सगळं दिलं.

गावात मयत असो की पोलिओचा डोस, मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून सांगायची रीत. गुरुजींनी तिथूनच खणखणीत वाचलं. मेहुण्याला खरोखरच हर्निया निघाला. त्याच्यामागून आलं, "चतुराबाई, क्षयरोग."

विधवा चतुराबाई शाळेत खिचडी शिजवायची; त्या कामावर तिचं घर चालायचं. आजार कधीच बरा झाला होता. तरी दुसऱ्या दिवशी पोरं घरून डबे घेऊन आली, आणि शाळेने तिला जरा आराम करायला सांगितलं.

गुरुजी कळवळले. पण मास्तर माणूस, फळ्यावर चुकलं तर फळ्यावरच पुसणार. देवळात जाऊन ओरडले, "चतुराबाईचा क्षय पूर्ण बरा झालेला आहे!" आदल्या वेळी जे भातलावणीला लांब गेले होते, त्यांनाही आता कळलं.

मग ते तिच्या घरी गेले. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"चतुरे, मी शाळेत येतो. चारचौघांत तुझ्या हातची खिचडी खातो."

"आन मंग भोंग्यावर सांगणार, खाल्ली म्हणून?"

गुरुजी उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर टेकले.

"गोळ्या आणायला घोटीला जायची मी, बाजाराची पिशवी घेऊन. लोक म्हनायचे, बाईला बाजाराची लय हौस. म्हनू दिलं." तिने एक खडा बाहेर फेकला. "तुमी वाईट नाय केलं मुद्दाम, ठाव हे मला. पन आता माझं नाव घेऊ नका, गुरुजी. चांगल्यासाठी बी नको."

"बरं," गुरुजी म्हणाले.

सोमवारी शाळेत खिचडीला नवी बाई आली. तिची तब्येत कशी आहे, हे कुणीच विचारलं नाही. गुरुजींनीही नाही.