धूर की पट्टा

सकाळचा उजेड आमच्याकडे आधी डोंगरावर येतो आणि मग फार सावकाश, कोणाची झोप मोडू नये अशा बेताने, सपाटीवर उतरतो. प्रथम वेर्मियो डोंगराच्या माथ्यावरचे रान फिकट तांबूस होते. मग वरच्या गावातल्या घंटाघराची एक कड उजळते. मग रस्त्याची वळणे एकेक करून अंधारातून सुटी होतात, वरून खाली, सतराव्यापासून पहिल्यापर्यंत. पीचच्या बागांवर पोचेपर्यंत त्या उजेडातला तांबूसपणा संपलेला असतो. राहतो तो नुसता पांढरा, कामाचा उजेड. अक्रोडाएवढ्या हिरव्या फळांवर, पाटाच्या पाण्यावर, कोणीतरी कुंपणाला अडकवून विसरलेल्या सदऱ्यावर तो सारख्याच निर्विकारपणे पडतो. सर्वांत शेवटी तो लाझोस मिस्त्रींच्या गॅरेजच्या पत्र्याखालून आत शिरतो, जमिनीवरच्या तेलाच्या डागात क्षणभर रंगीत होतो आणि टेबलाच्या पायावरून वर चढतो. यात नवल काही नाही. सव्वीस वर्षे मी हे पाहत आलो आहे. पण मे महिन्यातल्या त्या मंगळवारी तो उजेड टेबलावर चढला आणि दोन वस्तूंवर येऊन थांबला, आणि मी सगळी कामे विसरून त्यांच्यासमोर बसून राहिलो.

डावीकडे सुपरचार्जर होता: ॲल्युमिनियमचा, लांबट, पाठीवर पन्हळी असलेला, साच्यातून नुकत्याच काढलेल्या पावासारखा. उजवीकडे टर्बो: लोखंडी, गोगलगायीसारखा गुंडाळलेला, आधीच्या आयुष्यातल्या आगीने निळसर झालेला. काम दोघांचे एकच, इंजिनाच्या छातीत जास्त हवा कोंबायची. पण पहिला इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि दुसरा इंजिनाने टाकून दिलेल्या धुरावर.

मिस्त्रींनी ते दोन मोडक्या गाड्यांमधून काढून आणले होते. माझ्या छोट्या, दोन आसनांच्या, बिनछपराच्या गाडीत त्यांतला एकच बसणार होता. उरलेला कोझानीचा एक गिऱ्हाईक पुढच्या आठवड्याअखेर घेऊन जाणार होता.

"हा घरजावई," सुपरचार्जरवर बोट ठेवून मिस्त्री म्हणाले. "हाक मारली की हजर. पण जेवतो आपल्याच ताटातलं. आणि हा खलाशी. उष्ट्यावर जगतो, फुकट राबतो, पण येतो त्याच्या वेळेला. आला की घर हलवतो. कुणाला ठेवायचं ते तुम्ही बघा."

जूनच्या मध्यावर आमच्या डोंगरावर चढणीची शर्यत होते. पाच किलोमीटर, सतरा वळणे, एका वेळी एकच गाडी आणि समोर फक्त घड्याळ. जो चार मिनिटांच्या आत वर पोचतो, त्याचे नाव वरच्या गावची माणसे शेवटच्या वळणाच्या दगडी बांधावर चुन्याने लिहितात आणि दर ईस्टरला पुन्हा गिरवतात. त्या बांधावर अकरा नावे आहेत. आमच्या खालच्या गावचे एकही नाही. मी तीन वर्षे चढलो होतो: चार मिनिटे चौदा सेकंद, चार बारा, चार बारा. मी घरात कमी बोलतो, बाहेर त्याहून कमी. पण ते बारावे नाव माझे असावे ही इच्छा माझ्यात इतकी मोठी झाली होती की तिच्यापुढे मला माझाच आवाज ऐकू येत नसे.

माझे मत ठरलेले होते. सुपरचार्जर. त्यासाठी मी चाळीस पानांची वही भरली होती. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना गाडीचा वेग मोडलेला असतो. तिथे ताकद त्याच क्षणी हवी, श्वासभर उशिरा नव्हे. मी हे सारे मांडत असताना माझी बहीण आन्थी एका टायरवर बसून तीळ लावलेली पावाची कडी खात होती. आमची बेकरी आहे. पहाटे वरच्या गावात पाव पोचवण्याचे काम तिचे, आणि तिच्या बाह्यांवर अजून पीठ होते.

"वहीत सगळं आहे रे," ती म्हणाली. "फक्त रस्ता नाहीये."

तिचे मत टर्बोचे. नवव्या वळणानंतर हवा विरळ होत जाते, इंजिनाला धाप लागते, तिथे धुरावर चालणारा गडीच टिकतो, असे तिचे म्हणणे होते. मी उशिराचा मुद्दा पुन्हा काढला. ती काहीतरी बोलणार होती, पण तिने कडीचा मोठा घास घेतला आणि ते राहून गेले.

दोन दिवसांत ही गोष्ट कॉफीच्या दुकानात पोचली आणि गाव दुभंगले. ज्यांनी ट्रॅक्टरपलीकडे काही चालवले नव्हते त्यांनीही पक्ष घेतले. न्हावी पट्ट्याकडे, पाद्री धुराकडे. कोणीतरी म्हणाले, पाद्रीबुवांचा जन्म धुपाच्या धुरात गेला, ते दुसरे काय सांगणार. मी कोपऱ्यात बसून हे ऐकत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच लोकांमध्ये असणे मला आवडत होते.

शेवटी मिस्त्रींनी निकाल दिला: दोन्ही पाळीपाळीने बसवायचे आणि डोंगरालाच विचारायचे.

आमच्याकडे डोंगराला विचारण्याची एक रीत आहे. रस्ता सरकारी, तो बंद करता येत नाही. पण बकऱ्यांनी रस्ता अडवला तर त्याला कोणाचा इलाज नसतो. झिसिस धनगर वरच्या टोकाला आपला कळप आडवा घालतो, त्याची बायको खालच्या टोकाला दुसरा. त्यासाठी त्यांना दोन बाटल्या घरची दारू आणि आठवडाभर पाव द्यावे लागतात. पहाटेच्या धारेनंतर तासभर रस्ता आपला. मिस्त्री वर घड्याळ घेऊन उभे राहतात; फोनवरून सुटल्याची खूण ऐकली की बटण दाबतात.

शनिवारी सुपरचार्जर बसला. हवा तापू नये म्हणून मासळीवाल्याकडून बर्फाच्या पिशव्या आणून मी त्याच्या पाठीवर रचल्या. झाकण उघडले की डोंगराच्या पायथ्याशी समुद्राचा वास येई. मग मी सुटलो. तो आवाज मला कसा सांगता येईल? पायाचा अंगठा हलला की इंजिन उंच, बारीक, अखंड स्वरात गाऊ लागे. माझ्या इच्छेत आणि त्याच्या आज्ञाधारकपणात केसाएवढेही अंतर नव्हते. कडेचे खडक पाठीमागे फेकले जात होते. वर पोचलो तेव्हा माझे हात स्टीअरिंगवरून सुटेनात.

"चार सहा," मिस्त्री म्हणाले.

सहा सेकंद एका सकाळीत. बोललो असतो तर रडलो असतो. दुसऱ्या खेपेला बर्फ वितळला आणि चार नऊ लागली, पण मला त्याचे काही वाटले नाही. बर्फ जास्त आणता आला असता.

मग चार दिवस मिस्त्रींचे हात काळे होत राहिले आणि गुरुवारी पहाटे मी टर्बोसह सुटलो. वळणातून बाहेर पडताना पाय दिला तर काहीच झाले नाही. एक रिकामी, थंड पोकळी. आणि मग मी सावरून बसलो असताना मागून कोणी लाथ मारावी तशी ताकद आली, नेमकी पुढच्या वळणाच्या तोंडाशी, जिथे ती मला नको होती. चार दहा. पुन्हा चार तेरा. मी गाडीतून उतरताना चेहरा पडलेला ठेवला. आत मात्र गोड, लबाड समाधान पसरले होते: वही खरी ठरली होती.

"म्हणजे घरजावई," मी म्हणालो.

मिस्त्री आन्थीकडे वळले. ती बेकरीच्या रिकाम्या व्हॅनला टेकून उभी होती. "पोरी, पाव पोचले का सगळे?"

"पोचले, काका."

"मग बस. बघू."

मला हसू आले. तिला गाडी येत होती, गेल्या हिवाळ्यात मला सोबत म्हणून तिने क्लबचा शर्यतीचा परवानाही काढला होता. पण या डोंगरावर तिने आमची गाडी कधी पळवली नव्हती. तिने आसन तीन खाचा पुढे घेतले.

"केवढे लांब पाय रे तुझे," ती म्हणाली. "आणि एवढे लांब असून शेवटपर्यंत पोचत नाहीत."

ती गाडी खाली घेऊन जाताना मी चौदाव्या वळणावर उतरलो. त्याला आम्ही गिरणीचे वळण म्हणतो. तिथे एक खडक रस्त्यात छाती काढून उभा आहे. त्याच्या पलीकडे काय आहे ते त्याला ओलांडल्याशिवाय दिसत नाही. मी गवतात उभा राहिलो. दव होते, पक्षी होते, वरून बकऱ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या. मग खालून, फार खालून, तो आवाज सुटला.

मला वाटले होते की मी पाहीन. पाहण्याआधी मी ऐकले. बारावे वळण, तेरावे. प्रत्येक वळणाच्या पोटात इंजिनाचा स्वर बदलत होता, आणि तो चुकीच्या जागी बदलत होता. फार आधी. ती गिरणीच्या वळणात शिरली, समोर नुसता खडक होता, आणि त्या खडकाकडे तोंड असतानाच तिने पाय पूर्ण दिला. एक क्षण काही आले नाही. तीच पोकळी. मी डोळे मिटणार होतो. आणि मग ती शीळ उठली, आणि जिथे रस्ता सरळ होतो नेमक्या त्या हातभर जागेत सगळी ताकद एकदम पोचली; गाडी माझ्यासमोरून अशी निघून गेली की गवत तिच्या मागे वाकले. कुठेही कचरली नाही. माझ्या तोंडून एक आरोळी बाहेर पडली. मी ओरडतो हे मला माहीत नव्हते.

धावत, धापा टाकत वर पोचलो तेव्हा मिस्त्री घड्याळ माझ्याकडे धरून उभे होते. तीन सत्तावन्न.

मी म्हणालो, बटण उशिरा दाबले गेले असेल. मिस्त्री म्हणाले, असेल. मी म्हणालो, दोन खेपांनी टायर तापलेले होते, दव उडाले होते, ती वजनाने अकरा किलो कमी आहे. मिस्त्री प्रत्येकाला असेल म्हणत राहिले आणि तिला पुन्हा खाली पाठवले. तीन छप्पन्न. तिसऱ्यांदा पाठवणार होते, पण झिसिसच्या बकऱ्यांनी तोपर्यंत व्हॅनचे दार उघडे पाहिले होते, आणि मिस्त्री, धनगर आणि तीन छप्पन्नची मानकरी अशी तिघे पावाचा चुरा चिकटलेल्या रिकाम्या जाळ्या ओढून घ्यायला धावली.

परतताना मी तिला विचारले, तू पाय इतक्या आधी कसा देतेस. तिला प्रश्नच नीट कळला नाही.

"बाबांची व्हॅन बघ ना. ते डबडं आधी विचार करतं, मग निघतं. वळण संपल्यावर पाय दिला तर चढावर मरतं, मग हिसका मारतं, आणि मागे सगळे पाव जमिनीवर. म्हणून आधीच सांगून ठेवायचं. चार वर्षं तेच करतेय."

"पण खडकापलीकडे दिसत नाही काही."

"रस्ता असतो की तिथे. काल होता, आज कुठे जाईल?"

दोन दिवस मी वही पुन्हा तपासली. जिथे जिथे मी "विलंब" असे लिहिले होते, तिथे तिथे वळणाचे चित्र काढले होते, आणि प्रत्येक चित्रात रस्ता दिसू लागण्याच्या जागेनंतर एक बारीक फुली होती: इथे पाय दिला. चाळीस पाने. तरी शनिवारी मी मिस्त्रींकडे गेलो आणि म्हणालो की हिशेब पाहता सुपरचार्जरच योग्य आहे. बर्फाची सोय केली तर आणखी सात सेकंद निघतील.

मिस्त्रींनी हात पुसले. "वाईट नाहीच तो. उशिरा मागणाऱ्याला तो लगेच देतो. तुझ्यासाठी तोच बरोबर. टर्बोला आधी मागावं लागतं, डोळे झाकून. आता मला एवढंच सांग बाळा, गाडी कुणासाठी बांधतोय आपण? कोझानीवाला उद्या येतोय."

मी टेबलावरच्या सुपरचार्जरवरून हात फिरवला. त्या शिळेचा आवाज कानात अजून होता, आणि मला कळत होते की गेल्या तीन वर्षांत या डोंगरावर मला इतका आनंद कधीच झाला नव्हता जितका गवतात उभा असताना झाला.

"धूर ठेवा," मी म्हणालो.

सोमवारी मी वेरिया शहरात शर्यतीच्या क्लबच्या कचेरीत नावनोंदणीला गेलो. आन्थी पाव पोचवायला गेली होती. तिने मला काही विचारले नव्हते, मागितले तर नव्हतेच. आदल्या रात्री मी फक्त तिचा परवाना कुठे आहे ते विचारले, तेव्हा तिने पिठाच्या हातांनीच तो खणातून काढून दिला आणि माझ्याकडे न पाहता पुन्हा कणीक तिंबू लागली, फार जोरात.

खिडकीतल्या बाई मला ओळखत होत्या. त्यांनी अर्ज वाचला. इंजिनापुढे टर्बो लिहिले होते, त्यावर त्यांनी भुवया उंचावल्या. चालकाच्या नावापाशी त्यांचे बोट थांबले.

"तीन वर्षं तूच होतास की. काय झालं, हाताला लागलं का कुठे?"

माझ्याकडे उत्तरे तयार होती. मनगट दुखते, बेकरीत काम वाढले आहे, ती अकरा किलोंनी हलकी आहे. मागे रांग होती, कोणीतरी किल्ल्या खुळखुळवत होते.

"नाही," मी म्हणालो. "ती माझ्यापेक्षा चांगली चालवते."