पुढं एक, मागं एक

"चार," अण्णा म्हणाले, आणि त्यांचं बोट तसंच हवेत राहिलं.

हिरियूरच्या अलीकडे चहासाठी थांबलो होतो. सकाळचे साडेआठ वाजले असतील. अण्णा, म्हणजे माझे वडील, व्हॅनच्या सरकत्या दाराशी खाली उभे राहून बोटाने एकेक डोकं मोजत होते. पुढे माझी बायको शिवानी. मधल्या सीटवर अक्षरा आणि विराट. झाली तीन. चौथ्यांदा बोट उठलं ते दाराजवळच्या सीटकडे, आणि तिथे अम्माची, माझ्या आईची, कापडी पिशवी होती. अम्मा जाऊन चार महिने झाले होते.

"अज्जा, तीन," विराट म्हणाला. तो बारा वर्षांचा आहे. गप्प बसणं त्याला अजून जमत नाही.

"हां. तीन की," अण्णांनी बोट खाली घेतलं. "सवय रे. तीन. राइट, राइट."

पत्र्यावर दोन थापा पडल्या, अण्णा वर चढले, मागच्या सीटवर गाद्यांच्या वळकट्यांशेजारी जाऊन बसले आणि मी गाडी काढली. शिवानी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

अण्णांनी चौतीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टरकी केली. भगवंतराव कंडक्टर म्हटलं की बेंगळुरूच्या यशवंतपुरात आजही दोन-चार जण ओळखतील. हिशेबात चोख, आवाज मोठा, आणि मोजणीचं वेड. कंडक्टर प्रवासी मोजतो, ड्रायव्हरला धरत नाही आणि स्वतःलाही धरत नाही. तोच कायदा त्यांनी घरात आणला. लग्नाला जायचं असो की सिनेमाला, दारात उभं राहून मोजायचं आणि मगच कुलूप लावायचं. मी लहान असताना आमच्या घरात दोनच माणसं होती, अम्मा आणि मी, कारण तिसऱ्याला मोजायची सोयच नव्हती.

पुढे मी ही व्हॅन घेतली. शाळेची मुलं ने-आण करायची, हाच माझा धंदा. कुठे गावाला निघालो की गाडी मी चालवायचो, त्यामुळे मीही मोजणीतून सुटलो. अम्मा, शिवानी, दोन मुलं, चार. अण्णा "चार" म्हणाले की दाराजवळ बसलेली अम्मा ठरलेलं बोलायची, "आनि पुढं एक, मागं एक." पुढचा मी, मागचे अण्णा. अण्णा थापा मारायचे, पण तेवढ्यावर मी गाडी काढलेली अम्माला चालायची नाही. "स्वल्प थांब रे, मागचा एक येऊ दे," असं म्हणत ती दार धरून बसायची. अण्णा चढले, बसले, की ती स्वतः दार ओढायची. खाडकन आवाज व्हायचा. माझी खरी खूण त्या थापा नव्हत्याच, दाराचा तो आवाज होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती.

आम्ही निघालो होतो तुळजापूरला. चारशे वर्षांपूर्वी बेंगळुरूला आलेलं आमचं घराणं. आमची मराठी ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग मूळ गाव विचारतो. देवी मात्र आम्ही बदलली नाही. अम्माने पंधरा वर्षांपूर्वी देवीसाठी हिरवी इरकल साडी घेतली होती. आपल्या हाताने ओटी भरायची, एवढंच तिचं म्हणणं. आधी अण्णांना रजा नव्हती. नोकरी संपून निवृत्ती आली तेव्हा त्यांचे गुडघे दुखायला लागले. मग माझ्या व्हॅनचं काम, अक्षराची बारावी, आजारपणं. दर वर्षी दसऱ्याला अम्मा ती साडी उन्हात धरायची, घडी मोडून परत घालायची आणि म्हणायची, "सरी, असू दे, पुढच्या वर्षी." मार्गशीर्षात ती गेली. बाराव्या दिवशी अण्णांनी ती पिशवी स्वतःच्या उशाशी घेतली आणि मला एवढंच म्हणाले, "गिरी, हे मी नेऊन द्यायला पायजे. माझ्या हातानं. तेवढं कर."

म्हणून ही सहल. मुलांना सुट्टी लागली, शाळा बंद झाल्या आणि मी व्हॅनचे टायर बदलून घेतले.

चित्रदुर्गापर्यंत रस्ता चांगला होता. होसपेट सोडल्यावर रस्त्याने दात दाखवायला सुरुवात केली. जुना रस्ता उखडलेला, नवा अर्धवट, आणि दर दोन मैलांवर बाणाची पाटी लावून आपल्याला शेतात सोडायचे. खड्डा चुकवावा तर समोरून लॉरी. मुलांनी कानात वायर घालून डोळे मिटले होते. अण्णांना मात्र रंग चढला. हा त्यांचा जुना रूट. मागून त्यांचा आवाज यायचा, "इथं एक हुनशीचं, चिंचेचं, झाड होतं बघ," "इथं पंक्चर झालती, आख्खी गाडी बैलानं ओढली." तीन-चार वेळा मी "हं" म्हणालो. पाचव्यांदा बहुतेक म्हणालो नाही. खड्ड्यांकडे लक्ष होतं. नंतर तेही गप्प झाले.

कुष्टगीच्या पुढे एका टपरीवर थांबलो. पत्र्याचं छप्पर, दोन बाक, चहा करणारी एक बाई. अण्णांनी तिच्याशी कानडीत गप्पा मारल्या, तिचं नाव कस्तुरी आहे हेही काढून घेतलं. मग बशीत चहा ओतता ओतता मला म्हणाले, "त्या म्हातारीची गोष्ट तुला सांगितली का रे मी?"

शंभरदा सांगितली होती. "सांगा," मी म्हटलं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, सिऱ्याच्या थांब्यावर, अण्णांनी डोकी मोजली तेव्हा आकडा बरोबर आला. पुढच्या गावी कळलं की एक बाई चुकून त्यांच्या बसमध्ये चढली होती आणि तिच्या बदल्यात एक म्हातारी मागे राहिली होती. अण्णांनी ड्यूटी संपवली आणि एका लॉरीतून मागे गेले. म्हातारी तिथेच बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. "मला वाटलं शिव्या देईल," अण्णा म्हणाले. "काय म्हणाली माहीत हाय? चहा पाज म्हणाली. तेवढंच. तवापासून मी दोनदा मोजतो."

"चला अण्णा, उशीर होतोय," मी म्हटलं. विजापूर गाठायचं होतं, ऊन डोक्यावर होतं.

आम्ही बसलो. अण्णा खाली उभे राहिले. बोट फिरलं, पुन्हा एकदा फिरलं. "तीन. बरोबर. राइट, राइट." पत्र्यावर दोन थापा. तेवढ्यात वाळूची एक लॉरी आमच्या अगदी जवळून गेली आणि सगळीकडे धूळच धूळ झाली. विराटने खोकत खोकत दार ओढलं. खाडकन आवाज झाला.

मी गाडी काढली.

चौदा किलोमीटर. त्या रस्त्यावर चौदा किलोमीटरला पाऊण तास लागतो. पाऊण तास मी खड्डे चुकवत होतो, शिवानी पेंगत होती, मुलं कानातल्या गाण्यात होती. अण्णा मागे वळकट्यांच्या आड बसायचे, आरशात दिसायचे नाहीत. आणि गाडीत तर ते मघापासूनच गप्प होते. मला वाटलं, झोपले असतील. खरं सांगायचं तर तेही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

एका डायव्हर्जनशी गाड्यांची रांग लागली म्हणून इंजिन बंद केलं. अक्षराने मागे पाण्याची बाटली धरली. "अज्जा, पाणी." बाटली तशीच राहिली. मग ती उठून वळकट्यांवरून वाकली.

"अप्पा," ती मला म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "अज्जा नाहीत."

मी रोज सकाळी अठरा मुलं मोजतो. दुपारी अठरा मुलं मोजून त्यांच्या घरी पोचवतो. नऊ वर्षांत एक मूल मागे राहिलं नाही. बाप राहिला.

अण्णांच्या फोनवर रिंग दिली तर तो आमच्याच गाडीत वाजला, अम्माच्या पिशवीत, साडीखाली. विराट रडायला लागला. "मी दार लावलं, मी लावलं," असं एकच धरून बसला. शिवानीने त्याला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "वळवा की गाडी! बघत काय बसलात?" वळवायला जागा मिळेपर्यंत आणखी तीन किलोमीटर पुढे जावं लागलं. त्या तीन किलोमीटरमध्ये मी देवीला काय काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. ऊन, लॉऱ्या, बहात्तर वर्षांचा माणूस, खिशात चष्मा आणि रुमाल. डोळ्यांसमोर नको ते येत होतं. पण त्याहून वाईट एक गोष्ट होती, आणि ती मी शिवानीलाही बोललो नाही. अम्मा असती तर हे दहा पावलांवर कळलं असतं.

टपरी दिसली. अण्णा बाकावर नव्हते. रस्त्याच्या कडेला उभे होते, शर्टाचं वरचं बटण लावून, पांढरे केस धुळीने लाल झालेले. आमची गाडी दिसल्यावर त्यांनी हात आडवा केला. बस थांबवायला प्रवासी करतो तसा. आयुष्यभर लोकांनी जसा हात करून त्यांची बस थांबवली, तसा हात त्यांनी मला केला. मी गाडी थांबवली आणि उतरलो, पण पुढे जाऊन काय करायचं ते मला कळेना. आमच्याकडे बापाला मिठी मारायची पद्धत नाही. मी त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकत राहिलो.

"सकाळी बदललेला शर्ट," मी काहीतरी बोललो. "पार घाण झाला."

"चहा घे," अण्णा म्हणाले. "कस्तुरीनं दोनदा पाजला मला. पैसे नको म्हणाली."

कस्तुरी टपरीतून कानडीत म्हणाली, की मी विचारलं बाबा, कुठल्या गाडीची वाट बघता, तर म्हणाले, माझीच गाडी आहे, येईल. एवढं बोलून ती स्टोव्हकडे वळली. माझ्याकडे तिने फारसं बघितलं नाही. बरंच झालं.

"अण्णा, फोन नव्हता, पण माझा नंबर पाठ आहे ना तुम्हाला? हिच्याकडनं का नाही केलात?"

अण्णांनी रुमालाने तोंडावरची धूळ पुसली. "करणार होतो. नंबर फिरवला बी होता अर्धा. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे. बघू या, किती वेळानं कळतंय."

मी तोंड फिरवलं आणि व्हॅनच्या पत्र्याला टेकून उभा राहिलो.

"तसं न्हवं रे," ते घाईने म्हणाले. आता माझंच सांत्वन करायची वेळ त्यांच्यावर आली होती. "मी तर त्या म्हातारीकडं लॉरीनं गेलो होतो. रात झाली होती तवा. तू आपल्या गाडीनं आलास की. लवकर आलास." माझा दंड त्यांनी एकदा दाबला. "तुझी आई दार धरायची. मला वाटायचं, उगा धरते. किती वेळा वैतागलो तिच्यावर. आज कळलं कशाला धरायची."

विराट दारात उभा होता, नाक लाल. अण्णांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "काय रे, धुळीत दार लावायचंच असतंय. त्यात तुझं काय चुकलं?"

मग ते गाडीत चढले. मागे आपल्या जागेवर जातील म्हणून अक्षरा सरकली, पण अण्णा मागे गेले नाहीत. दाराजवळच्या सीटवरची पिशवी त्यांनी उचलली, तिथे बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. दार त्यांनी स्वतः ओढलं, दोन हातांनी, बेताने.

मी इंजिन चालू केलं आणि थांबलो. सवयीने थांबलो. कुणी मोजलं नव्हतं, कुणी राइट म्हटलं नव्हतं. आरशात बघितलं तर अण्णा माझ्याकडेच बघत होते. गाडी कधी सुटणार म्हणून प्रवासी ड्रायव्हरकडे बघतो, तसं. त्यांचे दोन्ही हात पिशवीवर होते.

"अण्णा?" मी म्हटलं.

"चल की," ते म्हणाले. "मी बसलोय."

शिवानीने माझ्याकडे पाहिलं. अण्णा आता मोजणार नाहीत, हे तिलाही कळलं होतं. गाडी नुसती थरथरत उभी राहिली. शेवटी अक्षराने बोट उचललं. आईकडे, भावाकडे, स्वतःकडे आणि मग दाराजवळच्या सीटकडे.

"चार," ती म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. "ड्रायव्हर धरला नाहीस न्हवं?"

"नाही अज्जा."

"मग बरोबर हाय. चारच असायचे आपण." त्यांनी पिशवी पोटाशी घेतली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

कस्तुरी टपरीच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी आरसा पाहिला, रस्ता पाहिला, पुन्हा आरसा पाहिला. पत्र्यावर थाप पडली नाही. थोडा वेळ वाट बघून मी गाडी काढली.