निघायच्या दिवशीचा केक

रुचिताची बॅग सकाळी आठलाच भरून झाली. बॅग दाराशी ठेवून ती स्वयंपाकघरात आली, तर कुमुदताई पाटावर बसून केळी सोलत होत्या. सालं पार काळी पडलेली, आतला गर मधासारखा मऊ.

"आई, आज कशाला घाट घातलात? साडेअकराची बस आहे."

"तोवर दोन केक होतील. मैदा चाळ तू."

रुचिताने चाळण घेतली.

आठ वर्षांपूर्वी ती या घरात सून म्हणून आली, तेव्हा कुमुदताईंना अशी केळी गाईपुढे टाकायची एवढंच ठाऊक होतं. वाडीत पोफळींच्या मधे मधे केळी लावलेल्या. एक लोंगर उतरवलं की शंभर केळी एकदम पिकायची. शिकरण करा, घारगे करा, शेजारी वाटा, तरी उरायचीच. नव्या सुनेने एकदा त्यांचा हात धरला होता. "टाकू नका आई, हीच तर हवीत." घरात अंडं चालत नव्हतं, म्हणून तिने दही घातलं. तासाभराने त्या छोट्याशा ओव्हनमधून असा काही वास सुटला, की रोह्याच्या कारखान्यातून शनिवारचा घरी आलेला तिचा नवरा सुश्रुत चपला न काढताच आत आला आणि उभ्या उभ्या अर्धा केक खाऊन गेला.

तो सुश्रुत तीन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापाने गेला. एकुलता एक मुलगा. रुचिता तेव्हा एकतीस वर्षांची. तिला माहेरी भावाशिवाय कोणी नव्हतं, नोकरी श्रीवर्धनच्या शाळेत, त्यामुळे ती सासरीच राहिली. शाळेतून यायची, पान वाढलं की पानापुढे बसायची आणि भात चिवडून उठायची. असं वर्ष गेलं. मग एके दिवशी कुमुदताईंनीच ओव्हनवरचं फडकं काढलं. आठवेल तसा केक केला. तो खालून करपला आणि मधे कच्चा राहिला. रुचिताने तुकडा तोंडात घातला, थांबली आणि म्हणाली, "आई, सोडा घातलात का?"

सोडा राहिलाच होता. दोघी हसायला लागल्या. सुश्रुत गेल्यावर त्या घरात पहिल्यांदाच कोणी हसलं असेल. हसता हसता रडू आलं, आणि रडून झाल्यावर तो करपलेला केक दोघींनी संपवला. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी केक व्हायचा. केळं हाताने कुस्करायचं, बोटांतून गर निसटू द्यायचा, गूळ किसायचा, जायफळ उगाळायचं. तेवढा तासभर दोघींना बरं वाटायचं. अशाच एका रविवारी कुमुदताई म्हणाल्या होत्या, "रुचिता, तू लग्न कर."

ती वर्षभर नाहीच म्हणत राहिली. मग मुरुडचा केतन भेटला, बँकेत नोकरीला, घटस्फोट झालेला, कमी बोलणारा. रुचिताने मुरुडच्या शाळेत बदली करून घेतली. पुढच्या आठवड्यात अलिबागला लग्नाची नोंदणी होती.

रुचिताच्या सासऱ्यांनी, देवदत्त सरांनी, विरोध केला नाही. त्यांनी बोलणंच सोडलं. एकदाच बायकोला म्हणाले होते, "तिला इथे काय कमी आहे?"

"आपण दोघं गेल्यावर काय असेल ते सांगा," कुमुदताई म्हणाल्या.

गेला महिनाभर ते दिवस दिवस वाडीतच असत.

पहिला केक फुगला. कडा सोनेरी झाल्या, वर एक भेग पडली आणि तिच्यातून वाफ निघाली. कुमुदताईंनी सुरी खुपसून पाहिली, कोरडी आली. तेवढ्यात मागच्या दारातून सर आत आले. पायांना ओला पाला चिकटलेला. ते उभेच राहिले.

"गरम आहे?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच काढलाय बाबा." रुचिताने घाईने तुकडा कापला, बशीत घालून पुढे केला.

त्यांनी बशी हातात घेतली, पण खाल्लं नाही. "सुश्रुतचा फोटो नेणारेस?"

रुचिताचा चेहरा उतरला. "नेऊ का?"

"नको," ते म्हणाले. "इथेच राहू दे. तिकडे तो अवघडेल. आणि तूही."

मग त्यांनी तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले. बशी त्यांनी रिकामी केली, मोरीत नेऊन स्वतः धुतली आणि पुन्हा वाडीत गेले.

अकरा वाजता कुमुदताईंनी रुचिताला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ.

"आई, माझी ओटी कशी चालेल?"

"मुलीची भरतेय मी. पदर पुढे कर."

दिघीपर्यंत त्या सोबत गेल्या. केकचा डबा सबंध वाटभर रुचिताच्या मांडीवर होता आणि एसटीभर त्याचा वास पसरला होता. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून विचारलं, "काय केलंय गो?" कुमुदताईंनी सांगितलं.

धक्क्यावर फेरीबोट लागलेलीच होती. पलीकडे आगरदांड्याला केतन उभा राहणार होता. "चला ना पलीकडपर्यंत," रुचिता म्हणाली. कुमुदताईंनी मान हलवली. "इथूनच बरं." रुचिताने त्यांना मिठी मारली ती सोडेचना. शेवटी बोटीवरच्या माणसाने हाक दिली, तेव्हा कुमुदताईंनीच तिचे हात सोडवले. बोट खाडीच्या मध्यावर जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या. मग माणसं ओळखू येईनाशी झाली.

घरी पोचायला चार वाजले. सर वाडीत नव्हते, ओटीवरही नव्हते. रुचिताच्या खोलीचं दार उघडं होतं. सुश्रुत गेल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आता चादर काढलेल्या उघड्या गादीवर ते पाय पोटाशी घेऊन झोपले होते.

कुमुदताई दारातच खाली बसल्या. दिवसभर आवरलेलं रडू आता आलं.

त्या आवाजाने सरांना जाग आली. "पोचली का?" त्यांनी पडल्या पडल्याच विचारलं.

"केतनचा फोन आला होता. पोचली."

"काही म्हणाली?"

"बाबांनी दुपारी जेवण केलं का, विचारत होती."

सरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. कुमुदताई उठल्या, गादीच्या कडेवर बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या.