नवरीने घाटात गाडी थांबवली

थोरल्या दिराचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. मी घेते. कुबान. लग्नाच्या दिवशी माझा जीव त्याच्या हातात होता, आणि तो माझ्या वडिलांच्या घरी व्होडकाचे पेले रिकामे करून स्टिअरिंगवर बसला होता. व्याह्यांनी भरलेला पेला परत करणं म्हणजे अपमान. त्यातून गाडी चालवणाऱ्यालाही सूट नाही.

मी कोच्कोर गावच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रहदारीचे कायदे शिकवते. वर्गात मोठमोठे बाप्ये माझ्यासमोर गप्प बसतात. पण त्या दिवशी मी नवरी होते, म्हणजे मान खाली, तोंड बंद, जागा मागच्या सीटवर. शेजारी चुलत सासूबाई, पुढे कुबान आणि त्याच्या डाव्या हाताला माझा नवरा एर्मेक. सीटचे पट्टे गालिच्याखाली दडपलेले होते. मी गालिचा उचकटून पट्टा ओढला.

"काय गं बुरुल, माझ्यावर विश्वास नाही?" कुबानने आरशातून विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

चुलत सासूबाईंनी मला चिमटा काढला. "अगं, घर येईपर्यंत नवरीनं बोलायचं नसतं."

गाडी जपानहून आलेली जुनी, स्टिअरिंग उजवीकडे. आमच्या देशात गाड्या रस्त्याच्याही उजव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे ट्रकच्या मागे अडकलेल्या चालकाला समोरचं काही दिसत नाही. डावीकडे बसलेला सांगेल तेच खरं. दोलोनचा घाट लागला. एकेका ट्रकमागे आलो की कुबान विचारायचा, "मोकळा आहे का रे?" आणि एर्मेक म्हणायचा, "हो दादा, जा."

तिसऱ्यांदा त्याने हो म्हटलं तेव्हा मी मागून बघत होते. त्याने मान वळवलीच नव्हती. समोरून कोळशाचा ट्रक येत होता, आणि रस्त्याच्या मधे अखंड पांढरी रेघ होती. कुबानने गाडी कशीबशी परत आत घातली. आरसा घासल्याचा आवाज आला.

"एर्मेक, तू बघितलंस का रस्ता?" मी विचारलं.

तो हळूच म्हणाला, "दादा विचारतात तेव्हा मी हो म्हणतो."

मला हसावं की रडावं कळेना. या माणसावर माझा जीव होता. तो कोंबडीलाही दगड मारणार नाही, आणि मोठ्या भावाला नाही म्हणायचं नाही एवढ्याचसाठी आम्हा सगळ्यांना दरीत घालायला निघाला होता. उद्या सासरच्या घरात माझ्या वाटणीला हे असंच "हो दादा" येणार होतं.

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

"वाटेत नवरीची गाडी थांबली की संसार थांबतो," चुलत सासूबाई पुटपुटल्या.

मी दाराचा खटका ओढला. चालत्या गाडीचं दार उघडणं गुन्हा आहे, मीच शिकवते. पण बर्फाचा वारा आत घुसला आणि कुबानचा पाय ब्रेकवर गेला. मी उतरले आणि तो पांढरा घोळदार झगा सावरत गाडीच्या पुढ्यात उभी राहिले.

"चावी द्या. नाहीतर माझ्या अंगावरून न्या."

मागच्या गाड्या थांबल्या. वऱ्हाडी उतरले, सिगारेटी पेटल्या, सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे पोरीला भूत लागलं, कोणी म्हणे व्याह्यांनी फसवलं. इतक्या जणांसमोर कुबानचं तोंड लाल झालं.

"घे," त्याने चावी फेकली. "घाट उतर, बघू तुझी हिंमत. पण गावात गाडी मीच नेणार."

मी गाडी घेतली. कुबान मागे माझ्या जागी बसला, एर्मेक डावीकडे तसाच बसून राहिला. आमच्या वरातीत नवरीच्या गाडीला कोणी मागे टाकत नाही, त्यामुळे सगळं वऱ्हाड निमूटपणे माझ्या वेगाने घाट उतरलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गावाच्या अलीकडे मागून कुबानने माझ्या खांद्यावर थाप मारली. "बस झालं. उतर आता. लोक बघतायत."

समोर पोरांनी वाटेत दोरी धरली होती, खाऊ घेतल्याशिवाय वरात सोडायची नाही म्हणून. पोरं ओरडत गाडीकडे धावत होती. मी गाडी उभी केली, पण उतरले नाही.

"कायदा गावाच्या वेशीवर संपत नाही, दादा."

"एर्मेक, काढ ती चावी. दे इकडे."

एर्मेकने हात लांब केला, इंजिन बंद केलं आणि चावी काढली. मी मनाशी ठरवलं की याने चावी मागे दिली तर मी उतरून वडिलांच्या घरी परत जाणार, झग्यासकट, पायी.

त्याने मूठ मिटली.

"नाही दादा," तो म्हणाला. "तुम्ही प्यायला आहात."

चुलत सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मग कुबानने दार उघडलं, इतक्या जोरात आपटलं की काच खाली घसरली, आणि तो रस्त्याच्या मधोमध घराकडे चालायला लागला. दोरी धरलेली पोरं त्याला बघून बाजूला झाली.

एर्मेकने चावी माझ्या हातात ठेवली. मी गाडी सुरू केली आणि कुबानच्या मागे, त्याच्याच चालीने नेली. मागे सगळं वऱ्हाड. कुंपणांवर रेलून गाव बघत होतं.

"अगं, भोंगा तरी वाजव," चुलत सासूबाई कळवळून म्हणाल्या. "बाजूला होईल तो."

"नाही वाजवणार," मी म्हटलं. "पायी चालणाऱ्याचा हक्क आधी."